छपरावरचा डबा घेताना

बयो, तुझी यादी मिळाली. तीन कंपन्यांचे सहा डबे, समोर किमती, आणि खाली तुझा प्रश्न : "ताई, ग्राहकाच्या घरावर यातला कुठला लावू?" दापोलीच्या बाजूच्या त्या वाड्यांवर तू स्वतःचं वायरलेस नेटवर्क उभं करते आहेस, टॉवर उभा राहिला, दोन सेक्टर चढले, याचा मला फार आनंद आहे गं. म्हणूनच एक नाव सांगून मोकळी होणार नाही. जरा सविस्तर बोलते, शांतपणे वाच.

तुझ्या यादीत डब्यांचा क्रम किमतीप्रमाणे लावलाय. सगळ्यात वर सगळ्यात स्वस्त. मला कळतं तुझं गणित. टॉवर एकदाच घ्यायचा, डबे मात्र घराघरावर लागणार, म्हणजे तिथे वाचवलेले पैसे दीडशे-दोनशे पटीने वाचतात. पण सीपीई, म्हणजे हा छपरावरचा रेडिओ, ज्याच्या घरावर बसतो त्याच्या एकट्याचा नसतो. एका सेक्टरवरची सगळी घरं एकाच चॅनेलवर पाळीपाळीने बोलतात. एकाच नळावर सगळ्या वाडीने पाणी भरावं, तसं. ज्याची धार बारीक, त्याचा हंडा भरेपर्यंत मागचे सगळे ताटकळणार.

आकड्यात सांगते. २० मेगाहर्ट्झचं चॅनेल आणि दोन स्ट्रीमचा एसी रेडिओ धर. सिग्नल चांगला असलेलं घर एमसीएस ७ वर, म्हणजे वेगाच्या वरच्या पायरीवर बोलतं, तेव्हा हवेतला वेग १३० एमबीपीएस असतो. सिग्नल रडतखडत येणारं घर एमसीएस १ वर उतरतं, तिथे २६. दोघांनीही तोच सिनेमा बघायला घेतला तर दुसरं घर सेक्टरचा पाचपट वेळ खातं. त्याने जास्त पैसे दिलेले नाहीत, जास्त डेटाही घेतलेला नाही, तरी सगळी वाडी त्याच्यामुळे संध्याकाळी आठ वाजता रखडते. मग तक्रारीचा फोन त्या घरून येतच नाही. येतो तो टॉवरच्या अगदी पायथ्याच्या माणसाचा, आणि तू त्याच्या घरी जाऊन शोधत बसतेस की इथे काय बिघडलंय. म्हणून सीपीई निवडताना विचार करायचा तो सगळ्यात लांबच्या, सगळ्यात अडचणीच्या घराचा. त्या घरावरचा डबा ठरला की बाकीचं आपोआप ठरत जातं.

आता अँटेनाकडे ये. तुझ्या यादीतले पहिले दोन डबे चपट्या पॅनेलचे आहेत, साधारण १३ डीबीआयचे. नॅनोस्टेशन लोको किंवा टीपी-लिंकचा सीपीई५१० त्या जातीतला. खालचे डिशवाले, लाइटबीम २३ डीबीआयचा, मायक्रोटिकचा एलएचजी साडेचोवीसचा, केंबियमचा फोर्स ३००-२५ पंचवीसचा. हा दहा-बारा डीबीचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात दहा डीबी म्हणजे दहापट शक्ती. धर की टॉवरवरून एकूण ३६ डीबीएम ताकद निघते आणि घर पाच किलोमीटरवर आहे. ५.८ गिगाहर्ट्झला पाच किलोमीटर मोकळ्या हवेत साधारण १२२ डीबी गळतात. डिशवाल्याला उरतं उणे ६३ च्या आसपास, पॅनेलवाल्याला उणे ७३. मागचा गोंगाट उणे ९२ असेल तर डिशवाला २५६-क्वामपर्यंत चढू शकतो. पॅनेलवाल्याला मधल्याच पायरीवर अडकून राहावं लागतं. आणि हे सगळं झाडाची एक फांदीही मध्ये न येता.

डिशचा दुसरा गुण मला जास्त मोलाचा वाटतो. ती अरुंद ऐकते. दापोली शहराच्या बाजूला दुसऱ्या कोणाचे रेडिओ असतील, एखाद्या रिसॉर्टचा स्वतःचा लिंक असेल, पुढेमागे मोठ्या कंपन्याही येतील. पॅनेल या सगळ्यांचा आवाज गोळा करतं. डिश फक्त तुझ्या टॉवरकडे कान लावून बसते आणि बोलतानाही इकडेतिकडे फार सांडत नाही. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने २०१८ साली परवानामुक्त केला, तेव्हापासून कोणीही तिथे उतरू शकतं. जिओची घरपोच वायरलेस सेवासुद्धा काही ठिकाणी याच परवानामुक्त पट्ट्यातले रेडिओ वापरते. असे रेडिओ बनवणारी मिमोसा ही कंपनी २०२३ मध्ये जिओच्याच रॅडिसिसने विकत घेतली. म्हणजे आज जी शांतता आहे ती कायम राहील असं धरून डबे घेऊ नकोस.

तर मग पॅनेल अजिबात नको का? टॉवरपासून एक-दीड किलोमीटरच्या आत, समोर स्वच्छ दिसत असेल तर खुशाल लाव. वाऱ्याला कमी अडतं, दिसायला लहान, घरच्यांची कुरकुर नाही. पण त्याच्यापुढे नाही. "आत्ता चालतंय ना" असं तुझा फिटर म्हणेल. मार्च महिन्यात, चार कनेक्शन असताना, रात्रीची वेळ सोडून सगळंच चालतं.

मार्चवरून झाडांचं सांगते. हे तुला माझ्यापेक्षा जास्त जवळून दिसतं, पण काम हाती आलं की नजरेआड होतं. कोकणातला पाऊस पाच गिगाहर्ट्झला थेट फारसा अडवत नाही. चार-पाच किलोमीटरवर तो त्रास सोसण्याइतका असतो. अडवतात ती भिजलेली पानं. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो, पलीकडचा टॉवर स्वच्छ दिसतो, सिग्नल झकास येतो, आणि जुलैत तोच साग मोठमोठी ओली पानं घेऊन मध्ये उभा राहतो. आंबा, फणस, काजू बारमाही हिरवे, त्यांचं निदान आधी कळतं. शिवाय नुसतं डोळ्याला दिसणं पुरत नाही. पाच किलोमीटरच्या लिंकला मध्यावर फ्रेनेल झोनची, म्हणजे लहरी ज्या फुगीर जागेतून जातात तिची, त्रिज्या आठ मीटर भरते. त्यातला साठ टक्के भाग, म्हणजे सरळ रेषेभोवती जवळजवळ पाच मीटर, मोकळा हवा. टॉवरचं टोक आंब्याच्या शेंड्यावरून जेमतेम डोकावतंय, अशा घराला तू "लाइन ऑफ साइट आहे" म्हणून होकार देऊ नकोस. मोठी डिश लावून झाडातून पार जाता येतं असं पुष्कळ जण सांगतील. एखाद्या पातळ फांदीपुरतं ते खरंही असतं. आमराईतून नाही जात.

आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर जिल्ह्यात टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यातल्या रिकाम्या जागा वापरून गावांत इंटरनेट पोचवून पाहिलं, ते याच कारणाने. त्या लांब लहरी झाडीतून बऱ्या जातात. तो पट्टा तुझ्या-माझ्यासारख्यांना असा सहज वापरता येत नाही. पण त्यामागचा धडा घ्यायचा तर हा, की झाडीमागच्या घरासाठी डबा बदलून भागत नाही. पाइप उंच कर, शेजारच्या उंच घरावर रेडिओ लावून तिथून केबल ओढ, किंवा वाडीच्या माथ्यावर छोटा रिले पॉइंट टाक. यातलं काहीच जमत नसेल तर त्या माणसाला प्रेमाने सांग, "काका, सध्या नाही जमणार." नाही म्हटलेलं घर तुला पुढे शिव्या देत नाही. होकार देऊन तीन महिने टांगून ठेवलेलं घर मात्र अख्ख्या वाडीत तुझं नाव घालवतं.

कोणीतरी तुला ६० गिगाहर्ट्झचे डबे दाखवलेत, तेही यादीत सगळ्यात खाली दिसले. गोंगाट नाही, वेग भरपूर, सगळं खरं आहे. पण त्या लहरींना हवेतला प्राणवायूच किलोमीटरमागे पंधरा डीबीच्या आसपास शोषतो, आणि कोकणचा पाऊस त्यावर आणखी घाला घालतो. बाजारपेठेतल्या दोन इमारतींमध्ये दोन-तीनशे मीटरवर लाव हवं तर. वाड्यांसाठी ते नाव काटून टाक.

कंपनीचं काय, असं तू विचारशीलच. खरं सांगायचं तर टॉवरवर जे चढलं त्यानेच अर्धा निर्णय झालाय. युबिक्विटीचा एअरमॅक्स, केंबियमचा ईपीएमपी, मायक्रोटिकचा एनव्ही२, हे तिघे पाळ्या वाटायच्या आपापल्या पद्धती वापरतात आणि एकमेकांची भाषा त्यांना कळत नाही. "सगळे वायफायच आहेत, साध्या मोडवर टाका, जुळतात" असं सांगणारा विक्रेता भेटेल. जुळतात, पण मग पाळीची शिस्त जाते. टेकडीच्या दोन बाजूंची दोन घरं एकमेकांना ऐकू शकत नाहीत, दोघंही एकदम बोलतात, टॉवरला दोघांचंही काही कळत नाही. दहा-बारा घरांनंतर सेक्टर बसतो. तेव्हा एका सेक्टरवर एकच घराणं ठेव.

माझी मतं विचारशील तर, लाइटबीम गिगाबिट पोर्टवाला आहे, जोडायला सोपा आहे, नव्या फिटरच्या हाती द्यायला बरा. केंबियम महाग पडतो, पण टॉवरवर तीन-चार सेक्टर झाले की जीपीएसने वेळ जुळवून तेच चॅनेल पुन्हा वापरता येतं, तेव्हा त्याची किंमत वसूल होते. मायक्रोटिकमध्ये सेटिंग अमाप आहेत. तुला ती आवडतील, तुझ्या फिटरला नाही. तुझ्या टॉवरवर एअरमॅक्सचे सेक्टर आहेत, तेव्हा मी लाइटबीमच्या बाजूने आहे. एक गोष्ट मात्र कुठल्याही कंपनीत बघ, डब्याचं इथरनेट पोर्ट १० / १०० चं आहे की गिगाबिट. आज तुझा प्लॅन ४० एमबीपीएसचा आहे, शंभरचं पोर्ट पुरतं. पुढे प्लॅन वाढवशील तेव्हा छपराछपरावर चढून डबे बदलायची वेळ नको.

आता ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही तिथे जरा थांबते, कारण माझ्या अनुभवात बहुतेक तक्रारी इथून निघतात. वीज, वायर आणि गंज.

डब्याला वीज त्याच केबलमधून जाते, पीओईने. काही डब्यांना २४ व्होल्टचा साधा पीओई लागतो, काहींना ४८. दोन्ही अडॅप्टर दिसायला जवळजवळ सारखे. गाडीत दोन्ही जातींचे ठेवलेस तर एखाद्या संध्याकाळी घाईत अदलाबदल होणार आणि डबा जळणार. एकच घराणं ठेवण्याचं हेही एक कारण. मग लाइट जाण्याचा प्रश्न. असा डबा सात-आठ वॉट खातो, घरातला राउटर तेवढेच. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी असलेला मिनी यूपीएस दोघांना चार तास सहज ओढतो. २४ व्होल्टचा पीओई देणारा मिनी यूपीएस आहे ना, हे मात्र घेताना बघ, नाहीतर राउटर चालू आणि डबा बंद. माझं तर मत आहे की हा यूपीएस कनेक्शनबरोबरच दे, वेगळा पर्याय म्हणून ठेवू नकोस. वीज गेल्यावर शेजाऱ्याचं नेट बंद आणि तुझ्या ग्राहकाचं चालू, याहून चांगली जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

केबल घराबाहेरची, शिल्डवाली, उन्हाला टिकणारी, पूर्ण तांब्याची घे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, हातात घेतली तरी हलकी लागते. ती पीओईला पुरत नाही आणि खाऱ्या हवेत सडते. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा दे, म्हणजे पाणी तिथून गळून पडेल, भिंतीतून आत राउटरवर नाही येणार. पाइपला अर्थिंग कर, शिल्डही अर्थला जोड. वळवाच्या विजा मे महिन्यात येतात, आणि एका कडकडाटात ओळीने पाच-सहा घरांचे पोर्ट जातात. समुद्राच्या बाजूच्या घरांना क्लॅम्प आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचेच वापर. साधे पावसाळ्यानंतर उघडतच नाहीत. आणि वारा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडचं काय केलं ते तू डोळ्यांनी पाहिलंयस. २५ डीबीआयची भरीव डिश वाऱ्याला पुष्कळ अडते. कौलारू घरावर पाइप नुसता वाशाला तारेने बांधायचा नाही, चिऱ्याच्या भिंतीला दोन ठिकाणी पक्का करायचा. जिथे छोट्या डिशने काम होतं तिथे हौसेने मोठी लावायची नाही.

घराच्या आत तुझी जबाबदारी संपते असं समजू नकोस. ग्राहकाला छपरावरचा डबा आणि माजघरातला वायफाय यातला फरक माहीत नसतो, आणि का असावा? त्याच्या लेखी "ताईंचं नेट" बंद असतं. चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे पडवीत वायफाय पोचत नाही, तेव्हा तुझा उणे ६० चा सिग्नल त्याला काय कामाचा? निदान ड्युअल बँडचा बरा राउटर स्वतः दे, मधल्या खोलीत उंचावर लाव. छपरावरचा डबा राउटर मोडमध्ये ठेव, नुसता ब्रिज नको. ब्रिजमध्ये कोणी घरात केबल उलटी खोचली की त्याचा गोंधळ थेट तुझ्या नेटवर्कवर येतो.

पासवर्डचं एकदाच सांगते आणि हट्टाने सांगते. डबा खोक्यातून काढला की आधी फर्मवेअर अद्ययावत, मग कंपनीचा ठरावीक पासवर्ड बदल, मग इंटरनेटच्या बाजूने आत शिरायचं दार बंद. २०१६ च्या मे महिन्यात युबिक्विटीच्या जुन्या फर्मवेअरच्या डब्यांमध्ये एक वर्म पसरला. त्या त्रुटीची दुरुस्ती आदल्या वर्षीच निघालेली होती, ज्यांनी ती टाकली नाही त्यांचे डबे गेले. २०१८ ला मायक्रोटिकच्या विनबॉक्सचं तसंच झालं, दुरुस्ती एप्रिलमध्ये आली आणि नंतर कितीतरी महिने न बदललेले राउटर चोरांच्या हाती जात राहिले. म्हणून मी डबा निवडताना एक गोष्ट नेहमी बघते, सगळ्या डब्यांचं फर्मवेअर एका जागी बसून बदलता येतं का. दीडशे छपरांवर हाताने बदलणार असशील तर बदलणारच नाहीस.

कायद्याचं थोडक्यात. पट्टा परवानामुक्त आहे याचा अर्थ धंदा परवानामुक्त आहे असा नाही. इंटरनेट विकायला आयएसपीचा परवाना लागतो, नाहीतर परवानाधारकाबरोबर रीतसर करार. डब्याला ईटीए म्हणजे भारतातली उपकरण-मान्यता आहे का ते विक्रेत्याकडून कागदावर घे. परदेशातून कोणी स्वस्तात आणून देतो म्हणाला तर नको म्हण. आणि सेटिंगमध्ये देश भारतच ठेव. मर्यादा रेडिओ आणि अँटेना मिळून एकूण ताकदीवर असते, म्हणून डिश मोठी लावलीस की रेडिओची ताकद उतरवायला हवी. त्याने तुझं नुकसान होत नाही. डिशचं ऐकणं तसंच राहतं, आणि खरा फायदा त्या ऐकण्याचाच आहे. दुसरा देश निवडून ताकद वाढवणारे आपल्याच शेजारच्या सेक्टरला बहिरं करतात.

पैशांचं राहिलं. डबा ग्राहकाला विकू नकोस, अनामत घेऊन वापरायला दे. मालकी तुझी राहिली की तो बदलायचा, वरच्या जातीचा लावायचा, कनेक्शन सुटलं तर काढून आणायचा अधिकार तुझा राहतो. विकलेला डबा जुना झाला तरी ग्राहक सोडत नाही, आणि तोच मग सगळ्या सेक्टरचा वेळ खात बसतो. पावतीवर तेवढं स्वच्छ मराठीत लिहून सही घे. आणि दर वीस-पंचवीस डब्यांमागे दोन राखीव ठेव, अडॅप्टर चार. पावसाळ्यात कुरिअर वेळेवर येत नाही.

जिओ-एअरटेलची भीती मनात आहे, हे तू लिहिलं नाहीस तरी मला कळलं. जिओ एअरफायबर १९ सप्टेंबर २०२३ ला मुंबई-पुण्यासारख्या आठ शहरांत सुरू झालं आणि पसरत गेलं. उद्या तुझ्या बाजारपेठेतही येईल. वेगात आणि दरात तू त्यांच्याशी स्पर्धा करू नकोस, दमशील. मात्र डोंगराआडच्या वाडीत कुठल्या घरातून कुठली टेकडी दिसते, कुणाच्या आंब्याचा शेंडा मध्ये येतो, कुठल्या घराला पाइप बारा फुटांचा लागेल, हे ज्ञान त्यांच्या कॉल सेंटरला नाही. ते तुझ्याकडे आहे. डबा निवडताना ते वापर.

तेव्हा यादीतले पॅनेलचे डबे जवळच्या घरांपुरते ठेव, ६० गिगाहर्ट्झचे काट, आणि घाऊक सवलतीच्या मोहाने एकदम पन्नास नगांची ऑर्डर देऊ नकोस. आधी पाच लाइटबीम माग. त्यातला पहिला सगळ्यात लांबच्या, खाडीकडच्या त्या घरावर लाव, रात्री आठ ते दहा सिग्नल, गोंगाट आणि एमसीएसचे आकडे लिहून काढ, आणि भर पावसात तेच आकडे पुन्हा लिही. दोन्ही कागद मला पाठव. बाकीची ऑर्डर मग आपण दोघी मिळून ठरवू.